शाळेच्या हरितगृहाला कुलूप नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मावळात पॉलीहाऊस, म्हणजे प्लास्टिकच्या कागदाचे हरितगृह, ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. इथल्या शाळांत शिकणाऱ्या कितीतरी मुलांच्या आया गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये फुले काढायला जातात. तरीही विज्ञानाच्या तासाला ‘हरितगृह परिणाम’ आला की हीच मुले पुस्तकातील बाणांची आकृती पाठ करतात.

त्यामुळे जवळच्या एका शाळेला देणगीतून पॉलीहाऊस मिळाले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. फीत कापली गेली, छायाचित्रे निघाली. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र पाणी घालायला कोणी नव्हते; रोपे वाळली आणि वळवाच्या वाऱ्याने कागद फाटला. आज तिथे मोडकी बाके ठेवली आहेत आणि दाराला कुलूप आहे. पैसा आणि जागा दोन्ही असताना हे घडले, याचे फार वाईट वाटते.

मी निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आम्ही शाळेमागे बांबूचा लहानसा मांडव उभारला होता. त्याच्या अर्ध्या भागावर प्लास्टिकचा कागद, अर्ध्या भागावर हिरवे शेडनेट आणि शेजारी उघडा वाफा. तिन्ही ठिकाणी मेथी आणि तिन्ही ठिकाणी एकेक तापमापी. सातवीची मुले मधल्या सुट्टीत नोंदी घेत. मार्चच्या एका दुपारी प्लास्टिकखाली पारा बराच चढला होता. बाजूचा पडदा गुंडाळताच तो उतरू लागला, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, ऊन तर तेवढंच येतंय, मग गार कसं झालं?”

त्या एका प्रश्नावर आमचे दोन तास गेले. आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ साली हाच प्रश्न तपासला होता. त्यांनी एका पेटीवर अवरक्त किरणे (उष्णतेची अदृश्य किरणे) अडवणारी काच आणि दुसरीवर ती आरपार जाऊ देणारी खनिज मिठाची तकटी बसवली, तरी दोन्ही पेट्या जवळपास सारख्याच तापल्या. म्हणजे हरितगृहाच्या उबेचे मुख्य कारण आत कोंडलेली हवा हे आहे. वातावरणात मात्र कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ यांसारखे वायू अवरक्त किरणे शोषून घेतात, म्हणून पृथ्वी उबदार राहते. नाव एकच असले तरी कारणे वेगळी आहेत, हा भेद त्या मुलांना पडद्याची दोरी हातात असताना कळला. पानावर पारदर्शक पिशवी बांधून तासाभरात आत जमलेले थेंब पाहिल्यावर बाष्पोच्छ्वासाची, म्हणजे पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडण्याची, व्याख्याही कुणाला घोकावी लागली नाही.

हे काही नवे तत्त्वज्ञान नव्हे. वर्ध्याला १९३७ साली गांधीजींचा नई तालीमचा (कामातून शिक्षणाचा) विचार मांडला गेला तेव्हापासून हाताने काम करत शिकण्याची परंपरा आपल्याकडे आहे, आणि डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने ती गावच्या शाळांपर्यंत नेऊन दाखवली आहे.

म्हणून देणगीदार आणि शाळा समित्या यांना माझी विनंती आहे की लोखंडी सांगाडा आणि फवाऱ्यांच्या मागे लागण्याआधी पाण्याची सोय, दरवर्षीची डागडुजी आणि सुट्टीतील पाळ्या या तीन गोष्टींचा बंदोबस्त आधी करावा. आपल्या उन्हाळ्यात बंदिस्त प्लास्टिकखाली रोपे होरपळतात, हे शेतकरी पालक कोणत्याही ठेकेदारापेक्षा चांगले सांगू शकतील. त्यांना समितीत घ्यावे. मुलांच्या नोंदवह्यांना प्रात्यक्षिकाच्या गुणांत स्थान मिळावे, नाहीतर परीक्षा जवळ आली की हरितगृहाकडे कोणी फिरकत नाही. आणि कुलूप लावायचेच असेल, तर त्याची एक किल्ली त्या आठवड्याच्या पाळीवरील मुलांकडे राहू द्यावी.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. मावळ, जि. पुणे