हद्दीचं भांडण आणि कालवडीची मान

प्रिय इनास,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. शिव्या घालायच्या तर घाल. गुडघा आहे तसाच. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. खाडीपाशी बेवारस प्रेत सापडलं आणि 'हद्द तुमची की आमची' यातच दुपार गेली. तू आठवलास, आणि बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा 21वा अध्याय.

तुझा जुना हेका माहीत आहे: एकाच्या गुन्ह्याचं खापर गावावर फोडणं अन्याय. आखानाने लूट लपवली आणि त्याच्यासोबत त्याच्या घरच्यांनाही धोंडमार झाली (यहोशवा 7), त्यावरून भांडायला मीही कचरतो. पण अनुवाद 24:16 सरळ सांगतो की मुलापायी बापाला आणि बापापायी मुलाला मारायचं नाही. अमस्या राजाने बापाचे मारेकरी मारले, त्यांची मुलं सोडली, ती याच नियमावर बोट ठेवून. यहेज्केल 18 तर, जो पाप करील तोच मरेल म्हणत, तुझंच वकीलपत्र घेतो.

21वा अध्याय मात्र गावाला खुनी म्हणतच नाही. उघड्यावर प्रेत पडलंय, मारेकरी ठाऊक नाही. मग वडील आणि न्यायाधीश येऊन आजूबाजूच्या गावांचं अंतर मोजतात. सगळ्यात जवळच्या गावचे वडील कधीही जुवाखाली न गेलेली कालवड वाहत्या ओहोळात नेतात. तिथली जमीन नांगरलेली-पेरलेली नको. तिथे तिची मान मोडायची. वेदी नाही, रक्त शिंपडणं नाही. लेवीय याजक हजर असतात. वडील कालवडीवर हात धुऊन म्हणतात: हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही. क्षमा मात्र साऱ्या इस्राएलसाठी मागायची, एका गावापुरती नाही.

मोजायचं प्रेताच्या कुठून, यावर मिश्नामध्ये, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या जुन्या नियमसंग्रहात, वाद आहे. रब्बी एलिएझर म्हणतो बेंबीपासून, अकीबा नाकापासून, तर याकोबाचा मुलगा एलिएझर मानेपासून. तू बेंबीच धरली असतीस. तुझी तुझ्याआधी पोचते. तिथेच पुढे विचारलंय, वडील काय खुनी आहेत? नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला उपाशी, सोबतीविना वाटेला लावला, असं झालेलं नाही. म्हणजे झडती भाकरीची आणि सोबतीची. यात मारेकऱ्याला पळवाट नाही: मान मोडण्याआधी तो सापडला तर कालवड परत कळपात, आणि पैसे भरून सुटका गणना 35:31 ने बंदच केलेली.

म्हणूनच प्रवचनात येशूला मृत्युदंड देणाऱ्या रोमन सुभेदार पिलाताचे हात धुणं याला जोडलं की माझं डोकं फिरतं. पिलातापुढे माणूस जिवंत उभा होता आणि सोडायचा अधिकार त्याच्याच हातात होता. त्या दिवसाचं खापर सगळ्या यहुद्यांवर फोडणं चर्चने 1965 च्या 'नोस्त्रा एताते' या व्हॅटिकन परिषदेच्या घोषणापत्रात नाकारलं. पोप दुसऱ्या जॉन पॉलनी 1984 मध्ये तुझीही बाजू राखली: सामाजिक पाप म्हणजे व्यक्तींच्या पापांची रास, त्याआड कुणी लपू नये. पण कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षण ग्रंथाचा 1868 वा परिच्छेदही वाच. रोखणं कर्तव्य असताना न रोखणं, गुन्हेगाराला पाठीशी घालणं, हाही वाटाच.

मला छळतंय ते एवढंच: आपल्याकडे अंतर मोजायची फीत कुणी धरायची? ठाणं, पंचायत की पॅरिश? तिघेही अंतर मोजतील, पण आपण लांब आहोत हे दाखवायला. यावर तुझं उत्तर हवंय, वाद घालून.

मुलीचं लग्न ठरलं म्हणे? तारीख कळव. छपराचं काम पावसाआधी उरक, आणि वहिनींना सांग, लोणचं पोचलं, संपलंही.

तुझा,
पास्कू