चांदणी खलाशाचीपण आहे

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला महायुद्धातल्या मेडल्सवरचा लेख वाचला, आवडला, पण 1939-45 स्टार हा "लढणाऱ्या जवानांचा" असं लिहिलंय तिथे अडलो. आमच्या घरात तो स्टार आहे आणि आमचे आजोबा काही जवान नव्हते, मालवाहू बोटीवर डेकचे खलाशी होते, आमच्या दाभोळकडच्याच एका सारंगाने (म्हणजे खलाशांच्या मुकादमाने) त्यांना मुंबईला नेऊन बोटीवर चढवलेलं. त्याची रिबिन बघा, तीन सारखे पट्टे, लाल लष्कराचा, फिकट निळा विमानदलाचा आणि गडद निळा नेव्ही नि मर्चंट नेव्ही दोघांचा मिळून. मर्चंटवाल्याला सहा महिने बोटीवर काढून वर धोक्याच्या पाण्यातनं एक तरी फेरी मारावी लागायची तेव्हा कुठे तो मिळायचा.

आजी त्याला चांदणी म्हणायची, तांदळाच्या डब्यात ठेवायची. चौथीत गॅदरिंगला मी इन्स्पेक्टर झालो तेव्हा शर्टाला लावून गेलो, सहातलं एक टोक तेव्हाच वाकलं ते अजून तसंच आहे (मार खाल्ला तो वेगळा). पुढे मुकुट आणि राजाची अक्षरं, मागे साफ कोरा, नाव नाही नंबर नाही. मुंबईत एका जुन्या वस्तूवाल्याला दाखवला तर म्हणाला, नाव असतं तर भाव आला असता. विकायचा नव्हताच, तरी घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

तेव्हा ब्रिटिश व्यापारी बोटींवर साधारण चौथा हिस्सा माणसं आपल्याकडची, पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या पाव-एक, म्हणून 1939 मध्ये युद्ध लागल्या लागल्या यांनी संप केले तर कितीतरी जणांना तिकडे जेलात टाकलं. सिटी ऑफ बनारस ही बोट सप्टेंबर 1940 मध्ये अटलांटिकात बुडाली, तिच्यावरची 77 मुलं गेली ते सगळीकडे लिहिलेलं सापडतं, शंभराच्या आसपास हिंदी खलाशीपण त्याच रात्री गेले ते शोधावं लागतं. मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये बुडालेल्यांच्या नावांचं पुस्तक आहे, दुसऱ्या महायुद्धातली सहा हजारांवर नावं. तुमच्या ऑफिसपासून टॅक्सीने किती लांब, एकदा पाठवा ना कोणाला तरी. आजोबा परत आले म्हणून त्यात नाहीत, पण त्यांच्या बोटीवरचे असतील.

चुकीची दुरुस्ती दोन ओळीत छापलीत तरी चालेल. सोबत फोटो पाठवतोय, छापलात तर गडद निळा पट्टा डावीकडे येईल असं बघा, मागच्या लेखात रिबिन उलटी होती.

आपला एक वाचक,
दापोली