मेलेला पक्षी कुठल्या खात्याचा?

मा. महापौर महोदया,
स. न. वि. वि.

गेल्या सर्वसाधारण सभेत मी प्रेक्षक सज्जात बसलो होतो. विषयपत्रिकेवर कचऱ्याच्या विल्हेवाटीचा विषय पाचवा होता आणि वन्यजीव गुन्ह्यांच्या तपासाचा सहावा. पाचव्यावर सदस्य तीन तास तावातावाने बोलले. निविदा, गाड्या, दुर्गंधी, पुन्हा निविदा. सहावा पुकारला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. "हे पोलिसांचं काम, आपला काय संबंध?" असं एका सदस्यांनी विचारलं, बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. त्या प्रश्नाला सभागृहात उत्तर मिळालं नाही, म्हणून हे पत्र.

शहरात विषबाधेने मेलेली घार किंवा घुबड पोलिसांना सहसा आधी दिसत नाही. ते दिसतं पहाटे कामावर निघालेल्या सफाई कामगाराला. त्याला जे सांगितलंय तेच तो करतो, फावड्याने उचलतो आणि गाडीत टाकतो. तासाभरात तो देह बाकीच्या कचऱ्याबरोबर कॉम्पॅक्टरमध्ये दाबला गेलेला असतो. यात कामगाराची काही चूक नाही. रस्ता स्वच्छ झाला की नाही, एवढंच त्याला विचारलं जातं. पण खुनाच्या जागेवरचा मृतदेह पंचनाम्याआधी कुणी उचलून नेला असता, तर याच सभागृहाने केवढा गदारोळ केला असता!

तुलना ताणलेली वाटत असेल तर गिधाडांचं आठवा. भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. आधी कारणच कळेना. कुणी विषाणूवर संशय घेतला, कुणी कीटकनाशकांवर. उत्तर मिळालं ते पाकिस्तानात मेलेली गिधाडं गोळा करून त्यांचं शवविच्छेदन करणाऱ्या संशोधकांना. मूत्रपिंडं निकामी झालेली, आतल्या अवयवांवर युरिक अ‍ॅसिडचा पांढरट थर. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांच्या शवांतून गिधाडांच्या पोटात जात होतं. हा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला आणि २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तान यांनी या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आणली. मान्य, तिथे गुन्हेगार कुणी नव्हता, औषध राजरोस विकलं जात होतं. पण ते पक्षी कुणी खड्ड्यात लोटून मोकळं झालं असतं, तर आपण आजही विषाणू शोधत बसलो असतो.

जाणूनबुजून केलेल्या विषप्रयोगात तर देहाशिवाय हाती काहीच नसतं. कार्बोफ्युरानसारखं कीटकनाशक मांसाच्या तुकड्याला लावून ठेवलं की काम झालं. ना गोळीचा आवाज, ना साक्षीदार. ब्रिटनने त्याची मान्यता २००१ मध्ये काढून घेतली, तरी नंतर कित्येक वर्षं तिथल्या मेलेल्या शिकारी पक्ष्यांच्या पोटात तेच सापडत राहिलं. अशा विषाने मेलेल्या पक्ष्याचे पंजे बरेचदा घट्ट मिटलेले असतात. एकाच जागी दोन-तीन वेगवेगळ्या जातींचे प्राणी मरून पडलेले असणं आणि जवळच मांसाचा तुकडा असणं, ही दुसरी खूण. एवढं ओळखायला पदवी लागत नाही, अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण पुरतं. मात्र त्यात पहिला धडा हातमोज्यांचा हवा, कारण हे विष माणसालाही सोडत नाही.

आता कचरा डेपोकडे वळू. उघड्यावर ओला कचरा टाकणं म्हणजे रोज ठरल्या जागी पंगत मांडणं. स्पेन-पोर्तुगालमध्ये एरवी हिवाळ्यात आफ्रिकेत जाणारे पांढरे करकोचे कचरा डेपोंच्या भरवशावर तिथेच राहू लागले. कॅनडातल्या चर्चिल गावात ध्रुवीय अस्वलं डेपोवर येत, शेवटी २००५ साली तो बंद करावा लागला. श्रीलंकेच्या अंपारा जिल्ह्यातल्या डेपोवर प्लास्टिक खाऊन आठ वर्षांत सुमारे वीस हत्ती मेल्याच्या बातम्या २०२२ मध्ये आल्या होत्या. आणि जो प्राणी रोज ठरल्या जागी येतो, त्याला पकडणं किंवा मारणं फार सोपं असतं. फासे लावणाऱ्याला रान तुडवावं लागत नाही, आपणच त्याची सोय करून ठेवलेली असते.

म्हणून उद्याच डेपोला टाळं ठोका, असं मी म्हणणार नाही. गुवाहाटीच्या कचरा डेपोवर हरगिला, म्हणजे जगात मोजकेच उरलेले मोठे करकोचे, अन्न शोधत फिरतात. तिथला कचरा एका रात्रीत झाकला तर त्यांनी जायचं कुठे? पाचव्या विषयावरच्या तीन तासांच्या चर्चेत डेपो बंद करायच्या तारखा निघाल्या, पण तिथे कोणते पक्षी-प्राणी येतात याची साधी मोजणीसुद्धा कुणी मागितली नाही. सल्लागाराच्या जाडजूड अहवालात तेवढं एक पान बसलं असतं.

माझं मागणं मोठं नाही. मेलेला वन्यप्राणी किंवा शिकारी पक्षी दिसला तर हात न लावता आधी फोटो काढायचा, जागा आणि वेळ लिहायची आणि एका ठरलेल्या क्रमांकावर कळवायचं, अशी लेखी सूचना प्रत्येक मुकादमापर्यंत जावी. पोलीस किंवा वनखात्याचा माणूस येईपर्यंत ती जागा झाडू नये. पशुवैद्यकीय विभागात एक डीप फ्रीझर या कामासाठी राखून ठेवावा, नाहीतर उन्हात दोन दिवस पडलेल्या देहातून प्रयोगशाळेला काय मिळणार? बेकायदा राडारोडा टाकणाऱ्यांसाठी निर्जन रस्त्यांवर जे कॅमेरे मंजूर झालेत, त्यांचं चित्रण वन्यजीव गुन्ह्याच्या तपासालाही मागता यावं. आणि डेपोवर कचरा वेचणाऱ्यांना यात साक्षीदार म्हणून धरावं, संशयित म्हणून नव्हे. रात्री कोणती गाडी आली, पिंजरा कुणी लावला, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. पण ज्यांना रोज तिथून हुसकावलं जातं, ते कशाला तोंड उघडतील?

मनुष्यबळ नाही, हे उत्तर मला अपेक्षित आहे. नवं पथक कुणी मागतच नाही. ब्रिटनमध्ये २००६ पासून राष्ट्रीय वन्यजीव गुन्हे कक्ष आहे. तो लहानसाच आहे आणि माहिती जमवून ठिकठिकाणच्या पोलिसांना पुरवतो. तिथल्या पोलीस दलांत वन्यजीव गुन्ह्यांची जबाबदारी सांभाळणारे बहुतेक अधिकारी ते काम रोजच्या कामासोबतच करतात. २०१० साली साइट्सचं (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराचं) सचिवालय, इंटरपोल, जागतिक बँक, जागतिक सीमाशुल्क संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थ व गुन्हेगारीविषयक कार्यालय या पाच संस्था वन्यजीव गुन्ह्यांसाठी एकत्र आल्या. आपल्याला फक्त जिना उतरून समोरच्या इमारतीत पोलिसांकडे जायचंय.

पुढच्या सभेत हे दोन विषय एकत्र पुकारावेत, आणि उत्तर द्यायला घनकचरा विभागाचे उपायुक्त आणि पोलिसांचे प्रतिनिधी शेजारी शेजारी बसलेले असावेत, ही विनंती. मी सज्जात असेनच.

आपला,
एक करदाता नागरिक