गादी क्योटोला, सत्ता एदोला

टोकियो

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे पत्र पोचले. ‘जपानात सम्राट असताना हा शोगुन कोण, आणि सगळी सत्ता हाती आल्यावर त्याने गादीच का घेतली नाही?’ हा तुमचा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्याजोगा नव्हता, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे. सातारकराला हा प्रश्न पडावा हे साहजिकच आहे. छत्रपती साताऱ्यात, कारभार पुण्यात, आणि तरीही पेशवाईची वस्त्रे मात्र साताऱ्याहूनच यायची, ही व्यवस्था आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेली आहे. जपानात अशीच दुहेरी व्यवस्था जवळजवळ 700 वर्षे चालली.

शोगुन हा मुळात सेनापतीचा हुद्दा होता आणि तो सम्राटाने द्यायचा असे. मिनामोतो योरितोमोने प्रतिस्पर्धी ताइरा घराण्याचा पाडाव केल्यावर 1192 मध्ये तो मिळवला आणि क्योटोच्या दरबारापासून दूर, समुद्राकाठच्या कामाकुराला आधीच मांडलेले आपले ठाणे तिथेच ठेवले. पुढे तिथेही तीच गत झाली. शोगुनच्या नावाने होजो घराण्याचे कारभारी राज्य करू लागले. 1221 मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबाने सत्ता परत घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा या होजोंनी त्याला ओकी बेटावर हद्दपार केले. पण गादी मोडली नाही, दुसऱ्या राजपुत्राला तिच्यावर बसवले. 1333 मध्ये कामाकुरा पडले, त्यानंतर आशिकागा घराण्याचे शोगुन क्योटोतच राहिले, आणि 1467 पासून दहा वर्षे चाललेल्या ओनिनच्या युद्धात राजधानी जळाली ती पुढच्या शतकभराच्या यादवीची सुरुवात ठरली. ओदा नोबुनागा या सरदाराने 1573 मध्ये शेवटच्या आशिकागा शोगुनला क्योटोबाहेर काढले. त्याच्यामागून आलेल्या हिदेयोशीने देश एका छत्राखाली आणला, पण तोही शोगुन झाला नाही, दरबारातला कांपाकू, म्हणजे सम्राटाचा प्रमुख कारभारी, म्हणूनच त्याने राज्य केले.

तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर मात्र तोकुगावा घराण्यात आहे. तोकुगावा इएयासूने 1600 मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकली आणि 1603 मध्ये सम्राटाकडून शोगुनपद घेतले. त्याने केलेली मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट म्हणजे दोनच वर्षांत, 1605 मध्ये, त्याने ते पद मुलाला, हिदेतादाला, देऊन टाकले. स्वतः सुन्पूला, म्हणजे आजच्या शिझुओकाला, बसून तो सूत्रे हलवत राहिला. पण हे पद यापुढे आमच्याच घरात चालणार, हे त्याने जिवंतपणी सगळ्यांना दाखवून दिले. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पाडून हिदेयोशीचा वंश त्याने संपवला आणि त्याच वर्षी सरदारांसाठी एक व दरबारासाठी एक असे दोन कायदे काढले. दरबाराच्या कायद्याचे पहिलेच कलम सांगते की सम्राटाने प्रथम विद्याध्ययन करावे. खर्चासाठी सम्राटाच्या घराण्याला आधी सुमारे 10,000 आणि पुढे वाढवत 30,000 कोकूंचे उत्पन्न दिले गेले. कोकू हे तांदळाचे माप, साधारण 150 किलोचे. सरदारांतल्या सर्वांत श्रीमंत अशा कागाच्या माएदा घराण्याचे उत्पन्न 10,00,000 कोकूंवर होते, म्हणजे सम्राटाच्या तीसपटींहून अधिक.

गादी घेण्याची गरजच पडली नाही ती यामुळे. सम्राट पवित्र, म्हणून त्याच्या हातचा हुद्दा पवित्र. आणि सम्राट निर्धन व निःशस्त्र, म्हणून तो हुद्दा दुसऱ्या कुणाला देण्याची त्याला सोय नाही. 1626 मध्ये सम्राट गो-मिझुनो-ओ क्योटोतल्याच निजो किल्ल्यात शोगुनचा पाहुणा म्हणून गेला. त्यानंतर 1863 पर्यंत कोणताही गादीवरचा सम्राट समारंभाने राजवाड्याबाहेर पडला नाही.

सरदारांचा बंदोबस्त याहून कडक होता. दाइम्यो म्हणजे संस्थानिक सरदार, आणि ते सुमारे 260 होते. सेकिगाहाराच्या आधीपासून तोकुगावांच्या पदरी असलेल्यांना शोगुनच्या एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, आसपास आणि मोक्याच्या रस्त्यांवर जहागिऱ्या मिळाल्या; नंतर शरण आलेल्यांना, म्हणजे सात्सुमा, चोशू यांसारख्यांना, दूरच्या कोपऱ्यांत ठेवले. तिसरा शोगुन इएमित्सू याने 1635 मध्ये असा नियम घालून दिला की सरदाराने एक वर्ष आपल्या मुलखात आणि एक वर्ष एदोला शोगुनच्या सेवेत राहावे. बायको आणि वारस मुलगा मात्र कायम एदोच्या वाड्यात ठेवावे. ओलिसांचे मोल इएयासूला स्वतःच्या आयुष्यातून कळले होते, कारण त्याचे स्वतःचे बालपण इमागावांच्या घरी ओलीस म्हणून गेले होते. ये-जा करणाऱ्या सरदाराबरोबर दर्जाप्रमाणे लवाजमा असे. माएदांच्या मिरवणुकीत 2,000 च्या वर माणसे असत आणि त्यांच्या कानाझावा या ठाण्याहून एदोला पोचायला त्यांना बारा-तेरा दिवस लागत. हा प्रवास आणि एदोतले बिऱ्हाड यांतच संस्थानाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा संपे, मग बंडासाठी फौज उभारायला पैसा कुठून राहणार? माएदांच्या एदोतल्या वाड्याच्या जागेवर आज टोकियो विद्यापीठ आहे, आणि 1827 साली शोगुनची मुलगी त्या घरात सून म्हणून आली तेव्हा उभारलेला लाल दरवाजा अजून रस्त्यावरून दिसतो.

हाकोनेची चौकी मी मुद्दाम पाहून आले. एका बाजूला आशी सरोवर, दुसऱ्या बाजूला चढ, आणि मधल्या अरुंद जागेतून एदो ते क्योटोचा तोकाइदो रस्ता. तिथे जुन्या पद्धतीने ही चौकी पुन्हा बांधली आहे. वर टेकडीवर टेहळणीची खोली आहे. एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया, या दोन गोष्टींवर त्या काळच्या चौक्यांचा डोळा असे, आणि हाकोनेला भर होता तो स्त्रियांवर. एखाद्या सरदाराची बायको वेष बदलून निसटली, तर तिचा नवरा बंडाच्या तयारीत आहे असे समजावे, हा त्यामागचा हिशेब. त्यामुळे एदोहून निघालेल्या प्रत्येक स्त्रीला दस्तक लागे आणि त्यात तिचे वर्णन लिहिलेले असे. चौकीवर या कामाला नेमलेली एक बाई तिचे केस सोडून, विंचरून पाहत असे आणि ते वर्णन ताडून घेई. आडवाटेने चौकी चुकवणाऱ्याला देहदंड होता. त्या तपासणीच्या जागी उभे असताना मला वाटले, अडीचशे वर्षांची शांतता म्हणून ज्या काळाची वाखाणणी होते, तिची किंमत या बायकांनी आयुष्यभराच्या नजरकैदेने मोजली आहे. शांतता खरी होती यात शंका नाही; 1638 मध्ये शिमाबाराचे बंड मोडल्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ देशात मोठी लढाई झाली नाही, आणि एदो दहा लाखांच्या घरात वस्ती असलेले शहर झाले. पण इतिहास सांगताना दोन्ही बाजू सांगाव्यात, हे तुम्हीच आम्हाला शिकवले.

दुबळा ठेवलेला सम्राट आणि ओलिसांनी बांधलेले सरदार, हे या राज्याचे दोन खांब; ते बुडाले तेही याच दोन खांबांवरून घसरून. 1853 मध्ये अमेरिकेचा नौदल अधिकारी पेरी चार युद्धनौका घेऊन उरागाला आला. शोगुनच्या मंत्र्यांनी प्रथमच सरदारांना मत विचारले, आणि 1858 मध्ये व्यापारी तहासाठी सम्राटाची संमती मागायला मंत्री क्योटोला गेला. सम्राट कोमेइने नकार दिला. तरीही तह झाला, आणि मग शोगुनने सम्राटाची अवज्ञा केली असे म्हणायला विरोधकांना जागा मिळाली. 1862 मध्ये सरदारांची एदोवारी तीन वर्षांतून एकदा करण्यात आली आणि बायकामुलांना घरी जायची मोकळीक मिळाली, ओलीस सुटले. पुढच्याच वर्षी शोगुन इएमोची स्वतः क्योटोला हजेरी द्यायला गेला, जे 1634 नंतर कोणत्याही शोगुनने केले नव्हते. शेवटचा शोगुन योशिनोबूने 1867 मध्ये सत्ता सम्राटाला परत केली. जानेवारी 1868 मध्ये तोबा-फुशिमीला लढाई जुंपली, तेव्हा सात्सुमा-चोशूच्या बाजूने सम्राटाचे जरीचे निशाण फडकले; त्या निशाणावर शस्त्र उगारणारा राजद्रोही ठरणार होता. माघार घेणाऱ्या शोगुनच्या फौजेला योदोच्या किल्ल्याने दरवाजे उघडले नाहीत, आणि योदोचा सरदार त्या वेळी शोगुनच्याच मंत्रिमंडळात होता.

अण्णा, आपल्याकडेही 1818 मध्ये आष्टीच्या लढाईनंतर प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले आणि साताऱ्याच्या गादीचे नाव पेशव्यांविरुद्ध वापरले गेले. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की जपानात ते नाव देशातल्याच सरदारांनी उचलले. आपल्याकडे ते परक्यांनी वापरले आणि 1848 मध्ये गादीही खालसा केली. माझ्या मते शोगुनांनी गादी राखली, तेव्हाच आपल्याविरुद्ध वापरण्याजोगे एक नाव त्यांनी राखून ठेवले होते. तुम्हाला हे पटते का, ते सविस्तर कळवावे.

योशिनोबूला मारले नाही. तो शिझुओकात राहिला, छायाचित्रे काढण्यात रमला, पुढे त्याला सरदारकीचा सर्वोच्च किताबही मिळाला आणि 1913 मध्ये तो वारला.

आईस साष्टांग नमस्कार. धाकट्यांस अनेक आशीर्वाद. लोभ असावा.

आपली लेक