फंडाच्या फॉर्मवर बोट ठेवणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

येत्या पाडव्यापासून सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या, कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाची कामं करणाऱ्या तुमच्या ऑफिसचा कारभार तुमच्या हाताखाली तयार झालेल्या मुली बघणार आणि तुम्ही अडल्यानडल्याला तेवढ्या येणार, असं कळलं. सत्कार म्हटलं की तुम्ही विषय बदलता, हे एमआयडीसीत सगळ्यांना माहीत आहे. म्हणून पत्र लिहिते आहे. मी सांगते, नातू टाइप करतो. ते चारचौघांनी वाचावं अशीच इच्छा आहे, कारण तुमचं देणं लागणारी मी एकटी नाही.

दर महिन्याला माझ्या खात्यावर सोळाशेच्या आसपास पेन्शन जमा होते. कुणाला ही रक्कम किरकोळ वाटेल. माझ्या बीपीच्या गोळ्या त्यात येतात, माहेरी जायचं एसटीचं भाडं येतं, नातवंडांच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवता येतात. मुलगा चांगला आहे, मागितलं तर देतो. पण मागावं लागत नाही, याचं सुख वेगळं आहे आणि ते तुमच्यामुळे आहे.

2004 साली आमची सूतगिरणी बंद पडली, तेव्हा तुम्ही तिथे टाइम ऑफिसात हजेरीपट सांभाळत होता. मी वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर होते. शेवटच्या महिन्यात गेटजवळच्या शेडमध्ये टेबल टाकून तुम्ही सगळ्यांचे फंडाचे फॉर्म भरून देत होता. तुमची स्वतःची नोकरीसुद्धा त्याच गिरणीबरोबर गेली होती, हे त्या गर्दीत कुणाच्या ध्यानातही आलं नाही. कुणाच्या घरी लग्न ठरलेलं, कुणावर सोसायटीचं कर्ज. सगळ्यांना सगळे पैसे हवे होते, आणि तेही लगेच.

फॉर्म 19 भरला की फंडाची रक्कम मिळायची. पेन्शनसाठी फॉर्म 10सी. या 10सीत दोन वाटा होत्या: दहा वर्षं भरली नसतील तर पेन्शनचे पैसे एकरकमी उचला, नाहीतर स्कीम सर्टिफिकेट मागा, म्हणजे झालेली नोकरी कागदावर जमा राहते आणि पुढच्या नोकरीत मिळवली जाते. बहुतेक सगळे पहिल्या वाटेने गेले. तुम्ही कुणाला अडवलं नाही, पण प्रत्येकाला विचारलं. माझ्या फॉर्मवर बोट ठेवून म्हणालात, "फंडाचे पैसे घ्या, त्यात तुमची अडचण भागेल. हे मात्र मोडू नका. अजून वीस वर्षं तुमच्या हातापायांत काम आहे." मला तेव्हा पुढच्या वीस दिवसांचं दिसत नव्हतं. तरी तुमच्या शब्दाखातर सर्टिफिकेट मागितलं.

पुढची बरीच वर्षं मी मार्केट यार्डात हळद निवडायला जात होते. रोजंदारी, तिथे फंड कसला? 2015 मध्ये कुपवाडच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, कोअर शॉपला (साच्यातले गाभे बनवतात तिथे) लागले, आणि पहिल्याच महिन्यात पाळी सुटताना तुम्ही समोर उभ्या. गिरणीनंतर तुम्ही लेबर लॉचा डिप्लोमा केलात आणि फंडाची कामं घ्यायला सुरुवात केलीत, हे मला तिथे कळलं. फंडाचं चलन दर महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचं, एवढंच काम कारखानदारांना तुमच्याकडून हवं होतं. तुम्ही त्यांना अट घातली होती की वर्षातून दोनदा पाळी बदलताना अर्धा तास कामगारांशी बोलू द्यायचं. फी मालकाकडून, कामगाराकडून चहासुद्धा नाही. क्लेममधून टक्केवारी मागणारे एजंट आम्ही पाहिले होते, म्हणून सुरुवातीला तुमच्यावरही विश्वास बसत नव्हता.

त्या अर्ध्या तासात तुम्ही फंडाच्या पासबुकातला तिसरा रकाना समजावलात. आमच्या पगारातून 12 टक्के कापले जातात ते पहिल्या रकान्यात. मालकाच्या 12 टक्क्यांतले 3.67 दुसऱ्यात आणि 8.33 पेन्शनच्या रकान्यात. पंधरा हजारांच्या मर्यादेमुळे तिथे महिन्याला जास्तीत जास्त 1,250 जातात. पहिल्या दोन रकान्यांवर व्याज चढतं, तिसऱ्यावर चढत नाही, म्हणून पोरांना वाटायचं की हे पैसे सडतायत, उचललेले बरे. तुम्ही म्हणालात, "तो रकाना हरिपूरच्या पेवासारखा, जमिनीखालच्या हळदीच्या कोठारासारखा समजा. लागेल तशी पसाभर हळद पेवातून काढत नाहीत." नंतर खडूने भिंतीवर हिशोब मांडलात: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. आणि हे केव्हा, तर दहा वर्षं भरली तरच. दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलणारा आणि प्रत्येक वेळी 10सी भरून पैसे उचलणारा माणूस आयुष्यभर राबूनही त्या दहापर्यंत पोचत नाही, हे त्या दिवशी पोरांना पहिल्यांदा कळलं. मला तर माझी गिरणीतली वर्षं आठवली. फाउंड्रीतली सहा वर्षं एकटी असती तर मला पेन्शनच बसली नसती.

2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं. मारुती चौकाच्या मागे असलेल्या आमच्या घरात लोखंडी पेटी बुडाली आणि तिच्यातलं ते सर्टिफिकेट लगदा झालं. मी ते संपलंच असं धरून चालले होते. तुमच्या वहीत मात्र माझा गिरणीतला फंड नंबर होता, सर्टिफिकेटचा नंबर होता. पोस्टाने आलेलं सर्टिफिकेट दाखवायला म्हणून तुम्ही बोलावलं होतं, तेव्हा उतरवून घेतलेला. गिरणीतल्या किती बायाबापड्यांचे नंबर त्या वहीत असतील!

मग जन्मतारखेचा घोळ निघाला. गिरणीच्या कागदावर 1 जून, कारण शाळेत मास्तरांनी आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांची तीच लिहिली होती. आधारवर 1 जानेवारी. दुरुस्तीच्या जॉइंट डिक्लरेशनवर, म्हणजे कामगार आणि मालक दोघांच्या अर्जावर, मालकाची सही लागते, आणि गिरणीला कुलूप. बंद कारखान्याच्या बाबतीत राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते, हे तुम्ही शोधलंत. जिल्हा परिषद शाळेचा दाखला मिळवायला लावलात, त्याप्रमाणे आधार दुरुस्त करून घेतलंत. कोल्हापूरच्या फंड ऑफिसला माझ्याबरोबर आलात, सर्टिफिकेटच्या दुसऱ्या प्रतीचा अर्ज दिलात. वयाची 58 पूर्ण झाल्यावर पेन्शनचा फॉर्म 10डी भरला, तेव्हा दोन्हीकडची नोकरी एकत्र धरली गेली.

माझं इतकंच असतं तर मी हे घरी येऊन बोलले असते. पण आमच्या मोल्डिंगमधला एक पोरगा मिरज रोडला मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्याचं लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. नोकरीला दोन वर्षंही झाली नव्हती. त्याची बायको विशीतली, पदरात दोन मुलं. सासरचे म्हणत होते, एवढ्याशा नोकरीत काय मिळणार? तुम्ही दहाव्यानंतर तिच्या घरी गेलात, मला सोबत नेलंत. फंडासाठी फॉर्म 20, विम्यासाठी 5आयएफ, पेन्शनसाठी 10डी. तिला हळूहळू सांगत होता की कामावर असताना माणूस गेला तर दहा वर्षांची अट नसते, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन असते, आणि मुलांना 25 वर्षांची होईपर्यंत वेगळी. आणि फंडाला जोडलेला विमा, ज्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसा कापत नाहीत आणि ज्याची कमाल मर्यादा 7 लाख आहे, तो आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. ती पोरगी आज मिरजेत शिवणाचं दुकान चालवते. मुलं शाळेत आहेत.

त्यानंतर तुमची एक सवयच झाली. लग्नाचे पेढे घेऊन आलेल्या पोराला तुम्ही आधी विचारता, नॉमिनी बदललास का? लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न झालं की रद्द धरतात, हे त्या पोरांना कोण सांगणार? त्या अपघातात गेलेल्या पोराचेही कागद जुनेच होते आणि त्यापायी त्याच्या बायकोला किती हेलपाटे पडले ते तुम्ही जवळून पाहिलंत.

या कामात बाईमाणूस म्हणून तुम्हाला काय सोसावं लागलं, त्यातलं थोडं मी पाहिलंय. केबिनमध्ये तुम्ही बसलेल्या असायच्या आणि बाहेरून आलेला माणूस विचारायचा, "कन्सल्टंट साहेब कधी येणार?" तुम्ही फाइल उघडून सरळ कामाला लागायचात. एका ठेकेदाराने आमच्यातल्या काही बायकांचे कापलेले पैसे भरलेच नव्हते. मालक म्हणाले, ती ठेकेदाराची माणसं. तुम्ही शांतपणे सांगितलंत की ठेकेदाराच्या माणसांच्या फंडाची जबाबदारी शेवटी मूळ मालकावरच येते, आणि पैसे भरल्याशिवाय पुढच्या महिन्याचं काम मी हातात घेणार नाही. ते काम गेलं असतं तर तुमचं नुकसान होतं. पैसे भरले गेले. त्या बायकांपैकी काहींना हे आजही माहीत नाही, म्हणून इथे लिहिते.

तुमच्या ऑफिसातल्या दोन्ही मुली आमच्यासारख्या कामगारांच्याच घरातल्या आहेत. त्यातली धाकटी परवा मला फोनवर चेहरा दाखवून हयातीचा दाखला कसा द्यायचा ते शिकवत होती. पंचवीस वेळा विचारलं तरी तिचा आवाज चढला नाही. कुणाकडे शिकली ते कळत होतं.

गेल्या महिन्यात माझ्या सुनेने नोकरी बदलली. जुन्या ठिकाणचा फंड काढून फ्रिज घेऊ, असं घरात बोलणं चाललं होतं. तिने स्वतःच सांगितलं, फंड काढायचा नाही, नव्या ठिकाणी ट्रान्सफर करायचा, आणि फ्रिज हप्त्यावर घेतला. येत्या सोमवारी ती कागद घेऊन तुमच्याकडे येईल. मीही येते आहे, येताना घरच्या हळदीची पूड आणते. चहा घेत नाही म्हणता, हळद तरी घ्या.

तुमची,
कोअर शॉपमधली
(गिरणीत वाइंडिंग खात्यात होते ती)