बाबा, उशीने का भागत नाही ते सांगतो

तीर्थरूप आई-बाबांस,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "सीट कशाला बदललीस? एक उशी टाकून बसायचं." तेव्हा गाडीत माल चढत होता, नीट बोलता आलं नाही. म्हणून आज लिहायला बसलोय.

बाबा, गाडीवरून आलात की तुम्ही केबिनमधून उतरून दांडा धरून दोन मिनिटं वाकलेलेच उभे राहायचात, मग हळूहळू सरळ व्हायचात. लहानपणी मला वाटायचं, ट्रकमधून असंच उतरतात. आई, तू रबरी पिशवीत गरम पाणी भरून तयारच असायचीस. गेल्या महिन्यात मीही तसाच दांडा धरून उभा राहिलो, आणि त्याच दिवशी सीटचं मनावर घेतलं.

जुन्या सीटचा फोम मधोमध इतका बसला होता की हाताने दाबला तर खालचा पत्रा लागायचा. उशी टाकूनही पाहिली, बाबा. पण उशीने माणूस वर येतो, पाय पेडलवर लोंबकळतात, कमरेचा आधार कमरेच्या खाली राहतो आणि वळणावर उशी सरकते. शिवाय खालून येणारी थरथर तशीच राहते.

खरं नुकसान त्या थरथरीने होतं. खड्डा दिसतो, त्याची तयारी तरी असते. पण सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा होणारं वर-खाली आपल्या बसलेल्या धडात वाढत जातं, अगदी वेळेवर ढकललेला झोका चढत जावा तसं. सगळा ताण कण्याच्या चकत्यांवर येतो. युरोपीय संघाने तर 2002 साली नियमच केला: 8 तासांच्या कामाच्या हिशेबाने या थरथरीचा जोर 0.5 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर गेला की मालकाने उपाय करायचे आणि 1.15 च्या वर कामगाराला बसवायचंच नाही. तुमच्या पाठीचा असा हिशेब कुणीच ठेवला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून हवेच्या सस्पेन्शनची, म्हणजे हवेच्या फुग्यावर वर-खाली होऊन दणके झेलणारी सीट घेतली. पण नुसती हवेची असून भागत नाही, ती आपल्या वजनाला लावावी लागते. बसल्यावर ती वर-खाली जाण्याच्या अंतराच्या बरोबर मध्यावर थांबली पाहिजे. खाली राहिली तर खड्ड्यात तळाला आपटते, आणि तो दणका साध्या सीटपेक्षाही वाईट.

पहिली सीट बसताक्षणी आवडली होती, लोण्यासारखी मऊ. पण मी उठलो नाही, तसाच बसून राहिलो. पंधरा मिनिटांत मांड्या बधिर झाल्या. कुशन लांब होतं, त्याची पुढची कड गुडघ्याच्या मागे रुतत होती. गुडघा आणि कड यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी. मग दुसरीवर बसून क्लच पुरता दाबला, पाठ सुटली नाही. पाठ टेकूनच हात लांब केला, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकलं. पाठ अगदी काटकोनात नाही, 100 ते 110 अंशांत कललेली. सीटचा कमरेला आधार देणारा फुगवटा पँटच्या पट्ट्याच्या जरा वर, जिथे तुम्ही हात दाबून धरायचात तिथेच. तीच घेतली. रेक्झिनऐवजी कापडी, म्हणजे पाठीला घाम साचत नाही. सीटबेल्ट सीटलाच जोडलेला आहे, त्यामुळे सीटबरोबर वर-खाली होतो, खांद्याला ओढत नाही.

मागच्या खिशातलं पाकीटही आता डॅशबोर्डवर असतं. त्याने एक कुल्ला उंच राहतो आणि कंबर तिरकी होते. दर दोन तासांनी गाडी बाजूला घेऊन उतरतो, चार पावलं चालतो. बसून राहायला सीट कितीही चांगली असली तरी उतरावं लागतंच.

आई, तू खोळ शिवायची म्हणालीस. शीव, पण पातळ कापडाची, आत कापूस भरू नकोस. आणि बाजूच्या खटक्यांना जागा मोकळी ठेव.

बाबा, पुढच्या फेरीनंतर दोन दिवस घरी आहे. तुम्हाला गाडीत बसवायचंय. पायरी उंच आहे, मी खालून धरीन. तुमचं वजन आता किती आहे ते आईला विचारून कळवा, त्याप्रमाणे सीट लावून ठेवतो.

तुमचा,
मुलगा