अमेरिकेत जाऊन फक्त नायगाराच बघायचा का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांनी काय काय बघावं यावरचा तुमच्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. नायगारा आहे, लिबर्टीचा पुतळा आहे, टाइम्स स्क्वेअर आहे, मॉल तर तीन-तीन आहेत, पण चित्रांच्या एकाही म्युझियमचं नाव नाही! आपल्या वयाच्या लोकांना त्यातलं काय कळणार असं धरून चाललेत की काय, कोण जाणे. म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

आम्ही दोघं गेल्या वर्षी तीन महिने जर्सी सिटीला लेकीकडे होतो. लेक-जावई दिवसभर ऑफिसात, नातू डेकेअरला आणि आम्ही दोघं खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजतोय, असं चाललं होतं. एका शुक्रवारी लेक म्हणाली चला, आज न्यूयॉर्कचं व्हिटनी म्युझियम फुकट असतं, अमेरिकन चित्रांचं. एरवी तिकीट ३० डॉलर, म्हणजे माणशी अडीच हजाराच्या वर, पण शुक्रवारी संध्याकाळी ५ ते १० कुणालाही फुकट. फुकट म्हटल्यावर आमचे हे लगेच बूट घालून तयार.

जर्सीहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ ट्रेनने १४ व्या स्ट्रीटला उतरलो आणि हडसन नदीच्या दिशेने वीसेक मिनिटं चाललो. हा भाग पूर्वी खाटिकखान्यांचा आणि मटणाच्या ठोक बाजाराचा, नावच मीटपॅकिंग डिस्ट्रिक्ट. आता तिथे महागडी दुकानं आहेत आणि जुन्या मालगाडीच्या उंच पुलावर बाग केलीये, ती हाय लाइन नेमकी या म्युझियमच्या दाराशी संपते.

या म्युझियमची गोष्ट मला चित्रांआधी आवडली. गर्ट्रूड व्हँडरबिल्ट व्हिटनी ही बाई अतिश्रीमंत घरातली पण स्वतः मूर्तिकार, तिने त्या वेळच्या अमेरिकन चित्रकारांची ५०० च्या वर कामं जमवली आणि १९२९ ला न्यूयॉर्कच्याच बड्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊ केली, तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. मग तिने स्वतःचंच म्युझियम काढलं, १९३१ ला उघडलंसुद्धा. नंतर जागा बदलत बदलत २०१५ पासून ते या नदीकाठच्या इमारतीत आहे.

आत लिफ्टपासूनच गंमत सुरू होते. रिचर्ड आर्टश्वागर नावाच्या कलाकाराने लिफ्टच सजवल्यात, त्यातली एक आतून विणलेल्या टोपलीसारखी, आपण भाजी झाल्यासारखं वाटतं. वर गेलो आणि एडवर्ड हॉपर या अमेरिकन चित्रकाराच्या 'अर्ली संडे मॉर्निंग' समोर जी उभी राहिले ती हलेचना. १९३० चं चित्र, लाल विटांची दुमजली दुकानांची रांग, सगळी बंद, रस्त्यावर माणूस नाही, न्हाव्याच्या दुकानाचा पट्ट्यापट्ट्यांचा खांब आणि आग विझवायच्या पाण्याचा फुटपाथवरचा नळ, दोघांच्या लांब सावल्या. बंदच्या दिवशी सकाळी आमच्या सांगलीच्या गणपती पेठेत अशीच शांतता असते, फक्त एखादं कुत्रं जास्त. वरच्या खिडक्यांचे पडदे नीट बघा, प्रत्येक पडदा वेगळ्या उंचीवर ओढलेला, म्हणजे आत माणसं आहेत आणि अजून झोपलीयेत! हॉपरची ३,१०० च्या वर कामं या म्युझियमकडे आहेत, त्यातली बहुतेक त्याची बायको जोसेफिनने म्युझियमच्या नावे करून ठेवली होती म्हणून. ती पण चित्रकारच, पण तिचं नाव किती जणांना माहितीये, असो.

जॅस्पर जॉन्स या चित्रकाराचे 'थ्री फ्लॅग्ज' म्हणजे मोठ्या अमेरिकन झेंड्यावर मधला आणि त्यावर छोटा असे एकावर एक तीन कॅनव्हास. समोरून सपाट दिसतं, बाजूने बघा, पायऱ्यांसारखे पुढे आलेत. रंग मेणात कालवून लावलेला, ते थेंब आणि ओरखडे बघायला मी वाकले तर गार्डबाई हळूच म्हणाली मॅडम, एक पाऊल मागे. झेंड्यावर तारे ४८ च, आताचे ५० नाहीत, दर राज्याला एक तारा असतो ना, कारण चित्र १९५८ चं आणि अलास्का-हवाई राज्यं झाली १९५९ ला. १९८० मध्ये म्युझियमने हे १० लाख डॉलरला घेतलं असं लेकीने मोबाइलवर बघून सांगितलं आणि बँकेत ३४ वर्षं काढलेला आमचा माणूस पाच मिनिटं गप्प. मग म्हणाले, व्याज पकडलंस का.

सगळं आवडलं असं मात्र नाही हं. एका खोलीत नुसता व्हिडिओ चालू होता, शेजारी अख्खी भिंत भरून मजकूर, तो वाचून पण काही उमगलं नाही, पुढे गेलो. कुणी परीक्षा थोडीच घेणार होतं. आजूबाजूला कॉलेजची पोरं जमिनीवर बसून स्केच करत होती, बाबागाडीत बाळं होती, आमच्याहून म्हातारी माणसं काठी टेकत फिरत होती.

नदीकडच्या काचेतून खाली बघितलं तर पाण्याच्या काठावर गणपतीच्या मांडवाचा नुसता सांगाडा उभा, वासे आहेत आणि कापड नाही. मी म्हटलं काम अर्धवट राहिलंय वाटतं. तर ते डेव्हिड हॅमन्सचं २०२१ चं शिल्प निघालं, 'डेज एंड', तिथे पूर्वी धक्क्यावर जी शेड होती तिच्याच मापाची स्टीलची रेघ. सूर्य मावळताना तो सांगाडा आधी चमकतो आणि मग दिसेनासाच होतो, आम्ही अंधार पडेपर्यंत तिथेच बसलो.

तर पुढच्या वेळी हा लेख छापाल तेव्हा एवढं टाका की शुक्रवारचं फुकट तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवावं, २५ वर्षांपर्यंतच्यांना रोजच फुकट आहे त्यामुळे कॉलेजातल्या नातवंडाला बरोबर न्यावं, आणि स्वेटर घ्यावा, एसी फार असतो.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली